महिला राखीव जागा, तृतीयपंथी उमेदवार आणि कोर्टाला दिलेला शब्द : भादली बुद्रुकचं प्रकरण

ग्रामपंचायत निवडणुकीत अर्ज उडवायची कारणं आपल्याकडं ठरलेली असतात, घरात शौचालय नाही, तिसरं मूल लपवलंय, गायरानावर अतिक्रमण आहे, पंचायतीची थकबाकी आहे, जात पडताळणीचा कागद नाही, आणि छाननीच्या दिवशी समोरच्या पार्टीचे लोक हीच यादी खिशात घेऊन तहसीलला येतात. ३१ डिसेंबर २०२० ला भादली बुद्रुकच्या (जळगाव तालुका, भुसावळकडं जाताना लागतं ते भादली) एका उमेदवाराचा अर्ज छाननीत बाद झाला तेव्हा कारण यातलं एकही नव्हतं. जागा सर्वसाधारण महिलांसाठी राखीव होती, अर्ज भरणारी व्यक्ती तृतीयपंथी होती, आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचं म्हणणं थोडक्यात असं की तुम्ही तृतीयपंथी आहात आणि ग्रामपंचायत निवडणुकीत तृतीयपंथीयांना आरक्षण नाही, म्हणून अर्ज नामंजूर.

दोन दिवसांत प्रकरण मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात गेलं आणि २ जानेवारी २०२१ ला, म्हणजे शनिवारी, न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी तो निर्णय रद्द करून अर्ज ग्राह्य धरायला सांगितलं. केसचं नाव अंजली गुरू संजना जान विरुद्ध महाराष्ट्र राज्य. नावात वडलांच्या जागी गुरूचं नाव आहे ते लक्षात आलं असेलच, तृतीयपंथीयांच्या गुरू-चेल्यांच्या घराण्यात चेल्याचं नाव असंच लागतं. १५ जानेवारीला मतदान झालं, १८ ला मोजणी, आणि त्या निवडून आल्या. पेपरात बातमी आली, फोटो आले, सगळीकडं ऐतिहासिक वगैरे झालं, आणि मग केस विसरली गेली. मला वाटतं ती नीट वाचायला हवी कारण निकाल बरोबर आहे पण तिथं पोचायला जी वाट घेतली तिच्यात एक अट आहे, आणि ती अट मला अजूनही खटकते.

आधी तारखांचं बघू कारण निवडणुकीच्या केसमध्ये अर्धा कायदा कॅलेंडरमध्येच असतो. त्या वेळी राज्यात १४ हजारांवर ग्रामपंचायतींच्या निवडणुका एकाच वेळापत्रकात लागल्या होत्या, अर्ज भरायचे २३ ते ३० डिसेंबर, छाननी ३१ ला, माघार ४ जानेवारीपर्यंत आणि त्याच दिवशी दुपारनंतर चिन्हवाटप. म्हणजे अर्ज बाद झाल्यावर हातात होते १, २ आणि ३ जानेवारी, त्यात शनिवार-रविवार. चिन्ह वाटून एकदा मतपत्रिका सेटिंगला गेली की कोर्टही सहसा हात लावत नाही. जळगावहून वकील गाठणं, याचिका टाइप करणं, ती तातडीनं बोर्डावर घेणं, सरकारी वकिलांना आणि राज्य निवडणूक आयोगाच्या वकिलांना कळवणं हे सगळं एवढ्यात झालं. आदेश छोटा आहे आणि त्याच्यावर टीका करताना हे डोक्यात ठेवायलाच पाहिजे.

अधिकाऱ्यानं उत्तर दिलं, पण भलत्याच प्रश्नाचं

अर्ज बाद करायचं कारण परत एकदा बघा. तृतीयपंथीयांसाठी आरक्षण नाही. बरोबर आहे, नव्हतंच. पण मागितलं कुणी होतं? अर्ज महिला राखीव जागेसाठी होता. अधिकाऱ्यासमोर प्रश्न एकच होता, ही व्यक्ती महिला आहे का, आणि त्यांनी उत्तर दिलं की तृतीयपंथीयांची जागा नाही. या दोन वाक्यांच्या मधे एक न बोललेलं गृहीतक आहे की जो तृतीयपंथी तो महिला असू शकत नाही, दोन वेगळे डबे आहेत आणि माणूस एका वेळी एकाच डब्यात बसतो.

आता हे गृहीतक त्या वेळी लागू असलेल्या कायद्यातच बसत नव्हतं. तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा २०१९ चा, १० जानेवारी २०२० पासून लागू, म्हणजे छाननीच्या वेळी जवळजवळ वर्ष झालेलं. त्याच्या कलम २ मधल्या व्याख्येत तेव्हा ट्रान्स-पुरुष आणि ट्रान्स-स्त्री (जन्माच्या वेळी पुरुष म्हणून नोंदलेली, पण स्वतःला स्त्री मानणारी व्यक्ती) हे शब्द स्पष्ट होते, शस्त्रक्रिया झालेली असो वा नसो, आणि किन्नर, हिजडा, अरवानी, जोगता याही ओळखी त्याच व्याख्येत होत्या. म्हणजे कायदाच सांगत होता की एखादी व्यक्ती तृतीयपंथी असून स्त्री असू शकते. कलम ४ च्या दुसऱ्या पोटकलमात स्वतःला जाणवलेल्या लिंगओळखीचा हक्क दिला होता. हायकोर्टानं नेमकं याच कलमावर बोट ठेवलं.

पण अधिकाऱ्याच्या बाजूनंही जरा विचार करू, कारण अशा केसमध्ये त्याला व्हिलन करून टाकणं फार सोपं असतं. निवडणूक निर्णय अधिकारी म्हणजे बऱ्याचदा मंडळ अधिकारी, विस्तार अधिकारी, शाखा अभियंता असा कुणीतरी, एकाच दिवशी चार-पाच गावांची छाननी, टेबलासमोर गर्दी, आणि हातात आयोगाची पुस्तिका. त्या पुस्तिकेत जातीच्या राखीव जागेसाठी काय कागद लागतो ते सविस्तर असतं. महिला राखीव जागेला काय लागतं? काहीच नाही. कुठल्याही बाईला आजवर कुणी विचारलेलं नाही की तुम्ही बाई असल्याचा दाखला आणा, मतदार यादीत असतं ते आणि समोर दिसतं ते, संपला विषय. या उमेदवारानं पूर्वी कधी पुरुष किंवा स्त्री म्हणून कुठं नोंद केली होती का याचा काही कागद अधिकाऱ्यासमोर नव्हता आणि त्यामुळं त्याची अडचण झाली असावी असं कोर्टानंही म्हटलं. मला हे समजतं. फक्त अडचण आली की पहिला फटका उमेदवाराला का बसावा, संशयाचा फायदा अर्ज स्वीकारण्याच्या बाजूनं का जाऊ नये, हा प्रश्न राहतोच. छाननीचा जुना संकेत असा की गंभीर दोष असल्याशिवाय अर्ज फेटाळायचा नाही, ज्याला आक्षेप आहे तो निकालानंतर निवडणूक याचिका करेल.

कटनी ते जळगाव

सेम टू सेम प्रकरण आधी मध्य प्रदेशात झालं होतं. कटनी शहराचं महापौरपद महिलांसाठी राखीव होतं आणि २००० च्या सुमारास तिथं कमला जान या किन्नर उमेदवार लोकांच्या मतांनी निवडून आल्या. निकालाला आव्हान दिलं गेलं, म्हणणं एकच की या महिला नाहीत, पुरुष आहेत. निवडणूक रद्द झाली आणि २००३ मध्ये हायकोर्टानंही तेच कायम ठेवलं. लोकांनी निवडून दिलेली महापौर कोर्टानं पुरुष ठरवून घरी पाठवली. त्या काळात कोर्टांकडं दुसरी काही फूटपट्टीच नव्हती, जन्माच्या वेळी शरीर काय होतं एवढंच बघायचं.

कटनी आणि भादलीच्या मधे १५ एप्रिल २०१४ हा दिवस येतो. नालसा निकाल. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण विरुद्ध भारत सरकार, न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि ए. के. सिक्री, आणि त्यात ठाण्याच्या तृतीयपंथी कार्यकर्त्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी स्वतः पक्षकार होत्या. त्यातलं आपल्या केससाठी कामाचं एवढंच सांगतो. एक, अनुच्छेद १५ आणि १६ मध्ये लिंगाच्या आधारावर भेदभाव करू नका असं आहे, त्या लिंगात लिंगओळखही येते. दोन, आपण कोण आहोत हे ठरवणं हा अनुच्छेद २१ मधल्या प्रतिष्ठेचा आणि स्वायत्ततेचा भाग आहे, आणि ते कपड्यातून, बोलण्यातून, वागण्यातून व्यक्त करणं १९ (१) (अ) खाली येतं. तीन, शरीर तपासून ठरवायची जुनी इंग्लिश कसोटी, १९७० च्या कॉर्बेट केसमधली, सुप्रीम कोर्टानं नाकारली आणि मनाची ओळख पुढं ठेवली, शस्त्रक्रियेची सक्ती करणं बेकायदा आहे हेही सांगितलं.

पण नालसामध्ये एक सैल टाका राहिलाय आणि भादलीचं प्रकरण त्याच टाक्यावर अडकलं. निकालाच्या शेवटी पहिला आदेश आहे की हिजडा वगैरे समुदायांना तृतीय लिंग म्हणून धरावं. लगेच दुसरा आदेश की तृतीयपंथी व्यक्तीला स्वतःची ओळख पुरुष, स्त्री किंवा तृतीय लिंग अशी ठरवायचा हक्क आहे. मग घराण्यात गुरू असलेली, समाजानं हिजडा म्हणून ओळखलेली व्यक्ती म्हणाली मी स्त्री आहे, तर पहिला आदेश लावायचा की दुसरा? बऱ्याच सरकारी ऑफिसांनी पहिला लावला कारण तो सोपा, तिसरा रकाना काढला की काम झालं. दुसरा आदेश मागे पडला. मतदार यादीत तर २००९ पासूनच इतर असा रकाना होता. तिसरा रकाना आला म्हणून लोक खूश झाले आणि तो यायलाच हवा होता, पण त्याचा उलटा परिणाम असा झाला की ज्या ट्रान्स स्त्रीला दुसऱ्या रकान्यातच जायचं होतं तिला सगळे म्हणायला लागले तुमच्यासाठी तो पलीकडचा आहे ना.

मद्रास हायकोर्टाच्या मदुराई खंडपीठानं एप्रिल २०१९ मध्ये अरुणकुमार केसमध्ये हा टाका घट्ट केला होता. हिंदू विवाह कायद्यातल्या वधू शब्दात ट्रान्स स्त्रीही येते असं न्यायमूर्ती जी. आर. स्वामिनाथन यांनी धरलं आणि रजिस्ट्रारला लग्न नोंदवायला लावलं. वधू जर होऊ शकते तर महिला उमेदवार का नाही, एवढा साधा हा पूल आहे. नंतर ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रियो निकालात समलिंगी लग्नाला सुप्रीम कोर्टानं मान्यता नाकारली खरी, पण स्त्री-पुरुष नात्यातल्या तृतीयपंथी व्यक्तीला आहे त्या कायद्याखाली लग्न करता येतं यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत होतं.

राखीव जागेचा मामला मात्र लग्नापेक्षा नाजूक आहे, कारण तिथं कुणाला तरी जागा मिळते म्हणजे कुणाची तरी जाते. घटनेच्या २४३-ड अनुच्छेदात पंचायतीत किमान एक तृतीयांश जागा महिलांना आहेत, महाराष्ट्रानं २०११ पासून ते निम्म्यावर नेलंय. महिला म्हणजे कोण याची व्याख्या तिथं नाही. मग ती ओळख कुठून आणायची, तर घटनेच्याच दुसऱ्या अनुच्छेदांतून, आणि त्यांचा अर्थ २०१४ ला लावून झालाय. अनुच्छेद १५ मधलं लिंग म्हणजे लिंगओळख आणि २४३-ड मधली महिला म्हणजे जन्माच्या दाखल्यावरची महिला, असं एकाच पुस्तकात दोन माप वापरायला काहीतरी सबळ कारण दाखवावं लागेल. ते इथं कुणी दाखवलं नाही.

बाहेर अशी कारणं दाखवली गेलीत हेही सांगायला हवं. स्कॉटलंडमध्ये सार्वजनिक मंडळांवर निम्म्या महिला असाव्यात असा २०१८ चा कायदा होता, त्यात लिंगबदलाचं सर्टिफिकेट असलेली ट्रान्स स्त्री मोजायची का यावर वाद गेला आणि १६ एप्रिल २०२५ ला युनायटेड किंग्डमच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की २०१० च्या समानता कायद्यात स्त्री म्हणजे जैविक स्त्री. प्रश्न भादलीचाच, उत्तर उलटं. फरक असा की ते कोर्ट संसदेच्या एका कायद्यातल्या शब्दाचा अर्थ लावत होतं, आपल्याकडं वर मूलभूत हक्क बसलेत आणि त्यांचा अर्थ आधीच लागलाय. त्यामुळं तो निकाल इथं उचलून आणून लावता येणार नाही, जरी लोक व्हॉट्सअ‍ॅपवर तो फॉरवर्ड करून बघा बघा म्हणत असले तरी.

कागद असता तर?

बरेच जण म्हणतात की त्यांनी आधी कलेक्टरकडून प्रमाणपत्र काढलं असतं तर हा घोळ झालाच नसता. मला उलट वाटतं, कदाचित घोळ वाढला असता. २०१९ च्या कायद्याची तेव्हाची रचना बघा. कलम ५ आणि ६ खाली जिल्हा दंडाधिकाऱ्याकडं अर्ज करायचा, २०२० च्या नियमांप्रमाणं शपथपत्रावर, शारीरिक तपासणी न करता प्रमाणपत्र मिळायचं. पण त्यावर लिंग काय यायचं, तर तृतीयपंथी. स्त्री असं यायला कलम ७ खाली जायला लागायचं, तिथं शस्त्रक्रिया झाल्याचं वैद्यकीय अधिकाऱ्याचं पत्र लागायचं. म्हणजे कलम ४ म्हणायचं तुम्हाला जे जाणवतं तेच तुमचं लिंग, आणि कलम ७ म्हणायचं ते कागदावर हवं असेल तर आधी ऑपरेशन. नालसानं शस्त्रक्रियेची सक्ती बेकायदा ठरवली होती तरी ती मागच्या दारानं आली, आणि म्हणूनच या कायद्याला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं गेलं.

आता कल्पना करा, कलम ६ चं प्रमाणपत्र घेऊन कुणी छाननीला गेलं. अधिकारी कागद हातात घेणार, सही-शिक्का बघणार आणि म्हणणार, मॅडम यावर तर तृतीयपंथी लिहिलंय, महिला कुठंय? कागद नसला तर पुरावा नाही म्हणून अर्ज बाद, कागद असला तर तो तुमच्याच विरुद्ध पुरावा म्हणून अर्ज बाद. हायकोर्टानं कलम ४ धरलं आणि कलम ७ च्या भानगडीत पडलं नाही ते त्या दिवसापुरतं योग्यच होतं, पण पुढच्या उमेदवारासाठी हा गुंता तसाच शिल्लक राहिला.

याचिका ऐकायलाच नको होती?

निवडणूक कायद्याची माणसं या केसकडं बघून पहिल्यांदा हेच विचारतील. घटनेच्या २४३-ओ प्रमाणं पंचायतीच्या निवडणुकीला निवडणूक याचिकेशिवाय आव्हान देता येत नाही. आणि १९५२ चा पोन्नुस्वामी निकाल तर अर्ज बाद होण्यावरचाच आहे, मद्रास विधानसभेच्या नामक्कल मतदारसंघातला, सुप्रीम कोर्टानं सांगितलं की निवडणूक म्हणजे सुरुवातीपासून निकालापर्यंतची पूर्ण प्रक्रिया, मधे हायकोर्टात रिट (सरकारी निर्णयाविरुद्ध थेट हायकोर्टात करायची याचिका) घेऊन यायचं नाही. हा नियम काटेकोर लावला असता तर याचिकाकर्त्यांना सांगितलं गेलं असतं की निवडणूक होऊ द्या, मग ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १५ खाली निकालानंतर १५ दिवसांत दिवाणी न्यायाधीशाकडं जा. आणि मग काय, दोन-तीन वर्षं तारखा, तोवर पंचायतीची निम्मी मुदत संपलेली, साक्षीत वकील उलटतपासणीत विचारणार तुमचं शरीर कसं आहे. कमला जान यांची लढाई निकालानंतरच्या याचिकेवर झाली, तिथं नेमकं त्यांचं स्त्री असणं-नसणं हाच वादाचा मुद्दा होऊन बसला.

वाट मात्र आहे. २००० च्या अशोककुमार केसमध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की कोर्टाचा हस्तक्षेप निवडणूक अडवण्यासाठी नसून ती पुढं नेण्यासाठी असेल तर तो सरसकट बंद नाही. भादलीत कोर्टानं काही थांबवलं नाही, वेळापत्रक हललं नाही, एक नाव यादीत परत आलं. माझ्या मते ही केस त्या वाटेत बसते. पण हे मी वकिली डोक्यानं म्हणतोय, प्रत्येक बाद अर्जाला ही वाट मिळेल असं समजून कुणी शनिवारी खंडपीठात धावू नका.

ती अट

आता मूळ दुखणं. अर्ज ग्राह्य धरताना कोर्टानं याचिकाकर्त्यांचं एक निवेदन नोंदवून घेतलं. त्याचा मतलब असा की त्यांनी स्वतःची लिंगओळख म्हणून स्त्री निवडली आहे, यापुढं आयुष्यभर त्या तीच ठेवतील, संधी बघून पुरुषाकडं वळणार नाहीत, अपवाद फक्त एवढाच की उद्या सार्वजनिक जीवनात तृतीयपंथीयांसाठी आरक्षण आलं तर ते त्यांना घेता येईल. कोर्टाला दिलेला शब्द म्हणून हे रेकॉर्डवर आहे.

व्यवहार म्हणून हे चलाख आहे यात शंका नाही. समोरच्या बाजूची भीती काय होती, की आज महिला वॉर्डात महिला, उद्या खुल्या वॉर्डात पुरुष, परवा आणखी काही. कोर्टानं शब्द घेतला आणि भीती संपवली, तीन दिवसांच्या मुदतीत निकाल देता आला. वकील म्हणून मी त्या जागी असतो तर मीही अशीलाला सांगितलं असतं की द्या शब्द, आत्ता अर्ज वाचवू, तत्त्व नंतर बघू.

पण तत्त्व म्हणून बघितलं तर? त्याच वॉर्डातल्या इतर महिला उमेदवारांकडून कुणी लिहून घेतलं का की आम्ही मरेपर्यंत महिलाच राहू? नालसा म्हणतं ही ओळख तुमच्या आतली आहे, सरकारनं ती फक्त मान्य करायची. आणि इथं मान्यता मिळते ती हमीच्या बदल्यात. शिवाय संधीसाधूपणा हा शब्द. ज्या समाजाला घर भाड्यानं मिळत नाही, जिथं बहुतेकांची कमाई बधाईवर (लग्न-बारशाला आशीर्वाद देऊन मिळणाऱ्या पैशांवर) किंवा सिग्नलवर, तिथं कुणी ग्रामपंचायत सदस्यत्वाच्या भत्त्यासाठी स्त्री बनेल हा संशयच मला ओढून आणलेला वाटतो. महिला राखीव जागांचा गैरवापर आपल्याकडं होत नाही असं नाही, तो रोज होतो, पण तो करणारे सगळ्यांना माहीत आहेत. बायको सरपंच आणि कारभार नवऱ्याचा, मासिक सभेत खुर्चीवर तो, सहीपुरती ती. त्या सरपंचपतीकडून अजून कुठल्या छाननीत हमीपत्र घेतल्याचं ऐकलं नाही.

आणि ही हमी टिकेल का हाही प्रश्न आहे, त्याचं उत्तर मुंबईच्या फुटपाथवरच मिळतं. ओल्गा टेलिस केस, १९८५, घटनापीठ, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड. तिथं झोपडीवासीयांनी आधी हायकोर्टात कबूल केलं होतं की फुटपाथवर राहायचा मूलभूत हक्क आम्ही सांगत नाही आणि १५ ऑक्टोबर १९८१ नंतर झोपड्या पाडायला आडकाठी करणार नाही. मग तेच लोक सुप्रीम कोर्टात गेले तेव्हा महापालिका म्हणाली तुम्ही शब्द दिलाय, आता बोलू नका. कोर्टानं ते ऐकलं नाही. घटनेविरुद्ध असा शब्द कुणाला बांधत नाही, मूलभूत हक्क माणसाला सोडून देता येत नाहीत, कारण ते फक्त त्याच्या सोयीसाठी नसतात. हा न्याय लावला तर भादलीचं निवेदनही पुढं बंधनकारक ठरवणं अवघड आहे. बंधनकारकच नसेल तर ते घेतलं कशाला, आणि असेल तर अनुच्छेद २१ खालचा हक्क एका शनिवारी लिहून दिला गेला असा त्याचा अर्थ होतो. दोन्हीकडून अडचणच.

खरं तर याशिवायही निकाल देता आला असता. आदेशात नोंद आहे की या व्यक्तीनं आधी कधी ओळख बदललेली नाही, स्त्री म्हणून निवडणूक लढवायचा हक्क त्या पहिल्यांदाच मागत होत्या. एवढं पुरेसं होतं. समोर विरोधात काही पुरावा नाही, व्यक्ती शपथेवर सांगतेय मी स्त्री आहे, कलम ४ तिच्या बाजूनं आहे, अर्ज घ्या. उद्या कुणी खोटं बोललंच तर खोट्या शपथपत्राचा कायदा आहे की, तो सगळ्यांना सारखा लागतो.

त्या अपवादाबद्दल मात्र मला उत्सुकता आहे, बातम्यांमध्ये त्याकडं कुणी फारसं बघितलं नाही. तृतीयपंथीयांसाठी आरक्षण आलं तर ते घेता येईल, असं कोर्ट म्हणतं, म्हणजे ती व्यक्ती स्त्रीही आहे आणि तृतीयपंथीही, दोन्ही एकाच वेळी, हे कोर्टानं नकळत मान्यच केलंय. ज्या दोन डब्यांवरून अर्ज उडाला होता ते या अपवादात एकत्र आले. आणि हे आरक्षण अगदी हवेतलं नाही, कर्नाटकानं २०२१ मध्ये सरकारी नोकऱ्यांत तृतीयपंथीयांना १ टक्का समांतर आरक्षण दिलं, म्हणजे प्रत्येक जात प्रवर्गाच्या आत. महाराष्ट्रात पंचायतीत असं काही आणायचं ठरलं तर हिशेब कसा बसणार हा खरा किचकट भाग आहे. सात किंवा नऊ सदस्यांच्या पंचायतीत १ टक्का म्हणजे किती, त्याची सोडत तालुक्यावर काढायची की जिल्ह्यावर, समांतर असेल तर सर्वसाधारण महिला आणि सर्वसाधारण तृतीयपंथी अशा दोन वेगळ्या जागा की एकात दुसरी, आणि ट्रान्स पुरुषांचं काय, ते कुठल्या वॉर्डात उभे राहणार, महिला राखीव जागेवर ते अर्ज करू शकणार नाहीत हे ओळखीच्या तत्त्वानं सरळ आहे पण त्यांचा जन्मदाखला बघून कुणी अधिकारी तेही करायला लावेल.

सध्या तरी हाताशी आहे तो एकल न्यायमूर्तींचा छोटा आदेश. कुणाला महिला राखीव जागेवर अर्ज भरायचा असेल तर मतदार यादीतली नोंद निवडणूक जाहीर व्हायच्या बऱ्याच आधी नमुना ८ भरून दुरुस्त करून घ्यावी, स्त्री ही आपली लिंगओळख असल्याचं नोटरी केलेलं शपथपत्र अर्जासोबतच जोडावं, अर्ज दिल्याची पोच घ्यावी, आणि छाननीला जाताना भादलीच्या आदेशाची प्रत सोबत न्यावी. अधिकारी नाहीच म्हणाले तर कारणासकट लेखी निर्णय त्याच दिवशी मागून घ्यायचा, कारण खंडपीठात पहिला प्रश्न त्याचाच येतो.